सगळ्या मुलांना एकत्र घेणारं शिबिर : ओळखायचं कसं?

अंगणवेल
उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू झाल्यात म्हणून विचारते. तंबूतला मुक्काम, एखादा गड, दोर-गाठी आणि जोडीला गावात दोन-तीन दिवस काम, असं शिबिर मुलीसाठी हवंय. वय १३. सेरेब्रल पाल्सीमुळे डावा हात आणि डावा पाय कमी चालतो. पायात स्प्लिंट (घोट्याला आधार देणारा साचा) घालून सपाटीवर दीड-दोन किलोमीटर आरामात चालते, चढावर थांबत थांबत. बोलणं, अभ्यास, भावाशी भांडणं यात कुठेच कमी नाही.

अट एकच. फक्त दिव्यांग मुलांची सहल नको. तशा सहलींना ती गेली आहे, त्या छान असतात आणि त्या करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण तिला धाकटा भाऊ जातो तसल्या शिबिरात, सगळ्या मुलांबरोबर जायचंय.

जाहिरातीत 'सर्वांसाठी खुले' असतं. फोन केला की 'बघतो, कळवतो', आणि मग कोणी कळवत नाही. मनापासून तयारी असलेला गट ओळखायचा कसा? काय काय विचारून घ्यायचं? पुण्यातल्या अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहा.

दोनशब्द
वाचतेय. माझ्या भाच्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठीही हेच शोधतोय आम्ही.

रानवाटा
हौशी लीडर म्हणून बरीच वर्षं मुलांना सह्याद्रीत नेतोय, त्यावरून सांगतो.

पहिलं हे विचारा: सगळ्यात हळू चालणारं मूल रांगेत कुठे असतं? 'शेवटी, त्याच्यासोबत एक ताई असते' असं उत्तर आलं तर दुसरा गट बघा. पुढची पोरं खिंडीत पोचतात, सॅका टाकतात, लिमलेटच्या गोळ्या चघळत दहा मिनिटं बसतात. मागचं मूल धापा टाकत येतं तोवर यांची विश्रांती झालेली असते. लीडर म्हणतो, "चला, आले सगळे, निघू या." ज्याला बसायची सगळ्यात जास्त गरज, त्याला अख्ख्या वाटेत एकदाही धड बसायला मिळत नाही. दुपारी ते रडकुंडीला येतं आणि सगळे म्हणतात, याला झेपत नाही.

मी अशा मुलाला माझ्या पाठोपाठ दुसऱ्या नंबरला घेतो. मग माझा वेग आपोआप त्याचा वेग होतो. पळणारी पोरं मागे चुळबुळ करतात, त्यांना कामं द्यायची. वाटेवरचा कचरा उचलणं, पक्ष्यांची नोंद, मोठी पाण्याची बाटली वाहणं.

दुसरं, वाटेची रेकी, म्हणजे आधी जाऊन केलेली पाहणी, कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केली? सिंहगडाचंच घ्या. आतकरवाडीची वाट तुमच्या मुलीला एका दिवसात जड जाईल. पण गाडी वरच्या वाहनतळापर्यंत जाते, तिथून पायऱ्या आणि पुणे दरवाजा. वर देवटाके, तानाजीची समाधी, कल्याण दरवाजा असं हळूहळू फिरलं की दिवस भरतो. एक गट आतकरवाडीतून, एक वरून, आणि दोन्ही गट देवटाक्यापाशी जेवायला एकत्र. असं आखता येतं, आखायची इच्छा हवी.

भाकरतुकडा
आणि पिठलं-भाकरी, मटक्यातलं दही दोन्ही गटांना सारखंच! गाडीने आलेल्यांनी आधी संपवायचं नाही एवढा नियम करा.

कोकणकडा
थोडा वेगळा सूर लावतो, धागाकर्तीने राग मानू नये. मीही मुलं घेऊन जातो. तीस मुलं आणि चार लीडर असतात. त्यात एका मुलाला एक माणूस पूर्ण वेळ लागला तर उरलेल्या एकोणतीस जणांकडे कोण बघणार? उद्या काही झालं तर पालक, पोलीस, बातम्या, सगळं त्या हौशी पोराच्या अंगावर. प्रशिक्षित माणसं असलेल्या वेगळ्या शिबिरात अशी मुलं जास्त सुरक्षित असतात असं माझं स्पष्ट मत आहे. प्रेमाने घ्यायचं म्हणून झेपत नसताना घेऊ नये.

रानवाटा
@कोकणकडा, झेपत नसताना घेऊ नये हे शंभर टक्के मान्य. पण तीस मुलांना चार लीडर हे प्रमाण धट्ट्याकट्ट्या मुलांनाही अपुरंच आहे. एकाचा पाय मुरगळला की दोन जण त्याच्यात अडकतात, उरले दोन. प्रमाण, प्रथमोपचार, जवळचं रुग्णालय, गाडी कुठपर्यंत येते, हे आधी ठरवणं कोणत्याही शिबिराला लागतं. राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आलं तेही याच कारणाने. पूर्वतयारीशिवाय मुलं नेणाऱ्या गटात अंगणवेलच्या मुलीला पाठवू नये, आणि तिच्या भावालाही.

खडीसाखर
मी फिजिओथेरपिस्ट आहे. चढाची चिंता सगळे करतात, स्प्लिंटवाल्या मुलांचा खरा कस उतारावर लागतो. घोटा वाकत नाही त्यामुळे उतरताना गुडघा पुढे ढकलला जातो, मांडी भरून येते. उतरायला चढण्याइतकाच, कधी जास्त वेळ धरा. काठी चांगल्या हातात. आत बिनशिवणीचे जाड मोजे, दोन जोड जास्तीचे. दर मोठ्या थांब्याला स्प्लिंट काढून कातडी बघायची, लाल ठसा पंधरा-वीस मिनिटांत गेला नाही तर त्या दिवसाचं चालणं थांबवायचं. हे बघायला तिला स्वतःला शिकवा, १३ वर्षांच्या मुलीला ताईने दर वेळी पाय दाखव म्हटलेलं आवडणार नाही. नवे बूट शिबिरात पहिल्यांदा घालायचे नाहीत. स्प्लिंटसकट आधी पर्वती, तळजाई या टेकड्या करून या.

स्पर्शरेषा
मला दिसत नाही. स्क्रीन रीडरवर धागा ऐकतोय, रानवाटांचा प्रतिसाद दोनदा ऐकला.

चालण्याचं आधी. मी पुढच्याच्या सॅकचा पट्टा धरून चालतो. रुंद वाटेवर त्याच्या सॅकला घुंगरू बांधलं की तेही पुरतं. एव्हरेस्ट चढणारा पहिला अंध गिर्यारोहक एरिक वाइहेनमायर, २००१ साली तोही पुढच्या जोडीदाराच्या घंटीच्या आवाजावर चालला. पुढच्याने फक्त कामाचं बोलावं. 'उजवीकडे खोल', 'गुडघ्याएवढी पायरी', 'डोक्यावर फांदी'. 'अरे सांभाळ, सांभाळ' एवढंच ओरडलं तर मला काहीच कळत नाही, नुसती छाती धडधडते.

पण मला जास्त बोलायचंय ते गावातल्या कामाबद्दल. शाळेत असताना आमच्या वसतिगृहात अनेक शिबिरांची मुलं 'सेवा' करायला यायची. एका रांगेत आम्ही, समोरच्या रांगेत ती. प्रत्येकाच्या हातात एक केळं, एक बिस्किटाचा पुडा, फोटो, आणि बस सुटायची. ती मुलं चांगली होती, त्यांना कोणी दुसरं काही सांगितलं नव्हतं. पण आमच्यातल्या कोणालाही कधी कोणी विचारलं नाही, की तुम्ही आमच्यासोबत काम करायला येता का.

म्हणून अंगणवेलताई, चालण्याचं विचाराल तसंच हेही विचारा: गावात माझ्या मुलीच्या वाट्याला कोणतं काम आहे? ज्या शिबिरात तुमची मुलगी बाकीच्यांच्या सेवेचा 'विषय' होणार असेल तिथे ती गड चढली तरी बाहेरचीच राहील. पुढे कॉलेजात मी श्रमदानाला गेलो. दगडांची साखळी होती, हातातून हातात. त्या साखळीत मी मधला होतो. दोन्ही हात भरलेले, पुढचा ओरडतोय 'दे रे लवकर', मागचा ओरडतोय 'धर रे'. कोणाला माझ्याकडे दया करत बघायला फुरसत नव्हती. इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

अंगणवेल
स्पर्शरेषा, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. मनापासून आभार. पायऱ्या आणि शौचालय यापलीकडे मी विचारच केला नव्हता.

एनएसएसवाला
स्पर्शरेषा यांना पूर्ण अनुमोदन. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असा साचा. तास भरणं सोपं असतं. खरं शिकणं होतं ते रात्रीच्या बैठकीत, आज काय केलं, कोणाला उपयोग झाला, कोण नाराज झालं हे बोलताना. ती बैठक गाळली की उरते नुसती हमाली.

माझ्या शिबिरात एक मुलगा कुबड्या घेऊन चालणारा. चर खोदायला जाणं अवघड. त्याला आम्ही 'हिशेबाचं बघ' म्हटलं तर त्याने नकार दिला, म्हणाला, "सर, मला गावात बोलायचंय." दोन दिवस ओट्याओट्यावर बसून त्याने बायकांकडून पाण्याची माहिती काढली. कुठली विहीर कधी आटते, हंडे कुठून आणतात, टँकर कधी येतो. आम्ही चर कुठे खोदायचे ते त्या माहितीवरून बदललं. त्याने काढलेलं काम बाकीच्यांच्या कुदळीच्या आधीचं होतं.

आयोजकांना विचारा, गावाशी बोलून काम ठरवलंय का? गावाला हवंय एक आणि आपण भिंती रंगवून येतोय, असं फार होतं.

तळजाईकर
अवांतर आहे पण राहवत नाही. सेवा म्हटलं की वृक्षारोपण! जूनमध्ये टेकडीवर खड्डा, रोप, फोटो. मार्चमध्ये पाणी घालायला कोण? आणि आपल्या टेकड्यांवर मुळात गवताळ माळ होता, त्यावर गिरिपुष्प हे परदेशी झाड लावून लावून खालचं गवत गेलं, गवतावर जगणारे पक्षी गेले. मुलांना टेकडीवर न्या, पण आधी एक सकाळ नुसतं बघायला शिकवा. तण कोणतं, स्थानिक काय, वणवा अडवायची जाळपट्टी कशी काढतात. यातली बरीच कामं बसूनही करता येतात, म्हणून धाग्याशी संबंध आहे असं समजा.

भाकरतुकडा
तळजाईकरांना टेकडीवर वेगळा धागा काढून द्या कोणीतरी. त्यांचे प्रतिसाद आवडतात, पण इथे गाडी परत रुळावर आणायला लागते.

जुनीबखर
रुळावर आणतानाच थोडा इतिहास. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिलं स्काउट शिबिर घेतलं, तेव्हा उच्चभ्रू शाळांतली आणि कामगार घरांतली मुलं मुद्दाम एकत्र घेतली होती. तंबूत दोन्ही प्रकारची मुलं शेजारी शेजारी झोपायची. ही एकत्र घेण्याची गोष्ट त्या चळवळीच्या पहिल्या दिवसापासूनची आहे.

आपल्याकडे १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर मुलं-मुली, सगळ्या जातींची, एकत्र खेळायची. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. बाबा आमट्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी १९६७ पासूनची. तिथे शहरी तरुण कुष्ठमुक्त माणसांच्या खांद्याला खांदा लावून काम करत, म्हणजे ज्यांना जग भीक घालायचं त्यांच्याचकडून काम शिकत. स्पर्शरेषा जे म्हणतायत ते तिथे प्रत्यक्षात आलं होतं.

आणि पुणेकरांनो, जगभरातल्या गर्ल गाइडच्या पाच जागतिक केंद्रांपैकी एक, 'संगम', आपल्या आळंदी रस्त्यावर आहे. १६ ऑक्टोबर १९६६ ला सुरू झालं. शेजारून रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

खडीसाखर
शाळेतली 'खरी कमाई' आठवली! स्काउट-गाइडचा गणवेश घालून घरोघरी छोटी कामं करून पैसे मिळवायचे. मी सायकली पुसल्या होत्या.

कोकणकडा
आमच्या वाड्यात एका आजींनी अख्खं माजघर आवरून घेतलं होतं आणि हातावर लाडू ठेवला होता. कमाईच्या वहीत लाडू कसा लिहायचा यावर सरांशी चर्चा झाली होती.

मोरपिसारा
एक मुद्दा कोणी काढला नाही. मी तरुणांच्या एका आधारगटात काम करते. आमच्याकडे येणारी ट्रान्स मुलं शिबिरांना जातच नाहीत, कारण अर्जावर दोनच चौकटी आणि तंबू दोनच. २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. शिबिराच्या पातळीवर काय लागतं? कपडे बदलायला सगळ्यांसाठीच एक बंद छोटा तंबू. झोपायच्या जागेबद्दल मुलाशी आणि पालकांशी आधी खाजगीत बोलणं. चारचौघांत प्रश्न नाहीत. त्या बंद तंबूचा उपयोग पाळी आलेल्या मुलींना होतो आणि स्प्लिंट काढणाऱ्या मुलीलाही होईल.

दोनशब्द
भाच्याबद्दल कोणी सांगेल का? तो बारा वर्षांचा आहे, खुणांची भाषा येते, ओठ वाचतो.

स्पर्शरेषा
@दोनशब्द, माझा जवळचा मित्र कर्णबधिर आहे, त्याच्याकडून कळलेलं सांगतो. दिवस बरा जातो, अंधार पडला की तो एकटा पडतो. शेकोटीभोवती गाणी-गोष्टी चालतात, बोलणाऱ्याचं तोंड अंधारात, ओठ दिसत नाहीत, खुणा दिसत नाहीत. उपाय सोपा. गोष्ट सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर कंदिलाचा उजेड, भाचा त्याच्या बरोब्बर समोर. शिट्टीच्या जोडीला हात वर किंवा बॅटरीची उघडझाप. आणि पहिल्याच दिवशी सगळ्या मुलांनी दहा-बारा खुणा शिकायच्या: पाणी, थांब, धोका, भूक, चल. मुलांना ही गंमत इतकी आवडते की रात्री दिवे मालवल्यावर सगळा तंबू खुणांनीच बोलतो, आणि लीडरना कळत नाही.

कागदीहोडी
पैशाचं कोणी बोलणार का? मी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका चालवते. शिबिराची फी आमच्या पोरांच्या घरचं महिन्याचं रेशन असते. सवलत मिळते, पण मग यादी येते: सॅक, स्लीपिंग बॅग, बूट, टॉर्च, रेनकोट. तिथे पोरं गळतात. एका मुलाने 'आई नको म्हणते' असं सांगून नाव काढून घेतलं. खरं कारण बूट होतं, हे त्याच्या बहिणीने नंतर सांगितलं. 'सर्वांसाठी खुले' म्हणणाऱ्यांनी सामानाची पेटी स्वतः ठेवावी, आणि ती सगळ्यांसाठी ठेवावी, म्हणजे मागणारा वेगळा दिसत नाही.

रानवाटा
कागदीहोडी, तुम्ही अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आमच्या गटातली मोठी झालेली पोरं अ‍ॅक्शनचे बूट पायाला लहान झाले की घरी टाकून ठेवतात. गोळा करायचं मी मनावर घेतो.

कोकणकडा
माझं मत थोडं सरकलंय, तेवढं लिहितो. वेगळ्या शिबिराची सोय राहायलाच हवी, काही मुलांना तीच लागते. पण मी 'एका मुलाला एक माणूस' असं गृहीत धरलं होतं. इथे जे उपाय आले त्यातल्या निम्म्यांना माणूस लागत नाही, आखणी लागते. अपंग हक्क कायदा २०१६ मध्ये कलम २९ आणि ३० करमणुकीत आणि खेळांत सहभागाबद्दल आहेत, तेही काल काढून वाचलं. पावसाळी ट्रेक आणि कातळटप्पे यावर मी ठाम आहे, तिथे नाही म्हणजे नाही.

खडीसाखर
पावसाळ्याबद्दल कोणाचंच दुमत नाही.

अंगणवेल
सगळ्यांना आधी धन्यवाद, आता काय झालं ते सांगते. इथले प्रश्न वहीत उतरवून फोन केले. एकांनी सरळ 'अशी मुलं आम्ही घेत नाही' म्हटलं. दुसऱ्यांनी तिच्यासोबत पगारी मदतनीस तुम्ही द्या म्हटलं. तिसऱ्या ठिकाणी एका ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिला फोन देता का? तिचं तिलाच विचारते."

अर्धा तास बोलल्या दोघी. किती चालतेस, कशाने थकतेस, एका हाताने कुठली गाठ येते. मग कन्येनेच विचारलं, "गावात मला काय काम?" ताईंनी तिथल्या तिथे गोड उत्तर दिलं नाही. गावात पाणवठ्यांची नोंद आणि शाळेच्या वाचनालयाची मांडणी अशी दोन कामं सरपंचांशी बोलून ठरली आहेत, श्रमदानही आहे, रविवारी मुलांच्या भेटीला ये, बाकीच्यांसोबत बसून निवड, असं सांगितलं. तळजाईवर भेट झाली. हळू चालणारे रांगेत कुठे, हा प्रश्न मी विचारायच्या आधीच ती ताईंच्या मागे दुसरी चालत होती.

तिने पाणवठे निवडलेत. गडाच्या दिवशी ती वरून येणाऱ्या गटात. स्प्लिंट घालून एका हाताने दोर बांधायचा सराव सध्या आमच्या बाल्कनीच्या गजाला चालू आहे, कपडे वाळत घालायला जागा उरलेली नाही. दोनशब्द, तुम्हाला त्या ताईंचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. खुणा शिकायला त्या तयार आहेत, शिकवणारं कोणी हवंय.

दोनशब्द
मिळाला, आजच फोन करते. शिकवायला भाचाच येईल, त्याला फार आवडेल.

कागदीहोडी
@अंगणवेल, त्या शिबिरात अजून जागा आहेत का? माझी दोन मुलं तयार आहेत. बुटांचे नंबर चार आणि सहा.

रानवाटा
सहाचा जोड माझ्याकडे आहे, तळ शाबूत. चारचा विचारून उद्या सांगतो.